मागच्या बंपरवरचं बटण

उज्जैनमध्ये भावात मला हरवणारी माणसं दोनच. एक माझे सासरे आणि दुसरे हे गाड्यांचे मिस्त्री, सगळे त्यांना काका म्हणतात. सासऱ्यांशी घासाघीस लग्नाच्या बोलणीत एकदाच झाली. ह्यांच्याशी पाच-सहा वर्षं चालली आणि खरं तर ते भाव करतच नसत, म्हणून हरवलं असंही धड म्हणता येत नाही.

आकडा सांगून झाला की ते दोन्ही हात मांड्यांवर ठेवून बसत. मी बोलत राही. इंदूरला काय भाव चाललाय, दुसरा मिस्त्री किती घेतो, आपण दोघं मराठी, पुढे आणखी गाड्या आणीन, सगळं. ते मधे बोलत नसत, मान हलवत नसत, घड्याळही बघत नसत. माझं संपलं की "झालं तुमचं?" असं विचारून तोच आकडा पुन्हा सांगत. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी उठून चालायला लागलो. फाटकापर्यंत गेलेल्या गिऱ्हाइकाला मागून हाक येते, हा माझा वीस वर्षांचा अनुभव. हाक आली नाही. वळून पाहिलं तर ते एका ट्रॉलीखाली शिरले होते आणि फक्त पाय बाहेर दिसत होते. मी परत आलो आणि त्यांच्या पायांना सांगितलं की ठीक आहे, तुमचाच भाव.

त्यांचं आवार भैरवगढला होतं. पत्र्याची शेड, पुढे निंबाचं झाड आणि आत दोन गाड्यांची जागा. सरकारी वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर त्यांनी ते सुरू केलं. पूर्वज दरबाराच्या पागेत होते, असं ते एकदाच म्हणाले, आणि तेही मी त्यांना घोड्यावरून काहीतरी टोमणा मारला म्हणून. आमचं तसं काही नाही. वडील रेल्वेच्या नोकरीसाठी जळगावहून आले, मी बारावीनंतर जनरेटर दुरुस्त करायला लागलो, आणि जे काही आहे ते तिथूनच उभं केलं.

शेजारच्या छपाईवाल्यांकडून ते बिघडलेल्या छाप्याचं कापड किलोवर घेत आणि हात पुसायला वापरत. दहा वेळा धुतलेलं असतं, त्याला दशी सुटत नाही, म्हणत. त्यामुळे त्यांच्या आवारातलं ग्रीस नेहमी बुट्ट्यांवर आणि मोरांवर पुसलेलं असे. माझ्या बायकोने त्यातला एक तुकडा मागितला तर दिला नाही. कामाचा आहे, म्हणाले.

मी त्यांच्याकडे गेलो तो लॉकसाठी. हे लॉक म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. गाडीच्या मागच्या दोन चाकांमध्ये डिफरन्शियल असतं. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरावं, आतलं कमी, ही सोय त्याने होते. पण चिखलात हीच सोय उलटते. एक चाक घसरलं की सगळा जोर त्याच चाकाकडे जातो, ते नुसतं गरगर फिरतं, आणि पक्क्या जमिनीवरचं दुसरं चाक ढिम्म राहतं. काका गिऱ्हाइकाला हे तोंडाने सांगत नसत. गाडी जॅकवर चढवून एक चाक हाताने फिरवायला लावत. दुसरं चाक आपोआप उलटं फिरे. मग म्हणत, "ज्याला सोपं आहे, त्यालाच ही ताकद देते. घरातही असंच असतं." लॉक लावलं की दोन्ही चाकं बांधली जातात आणि एकत्र फिरतात. बाहेरून आणून बसवलेल्या लॉकसाठी एक बटण असतं, ते दाबलं की लॉक लागतं.

मला त्याची चैन म्हणून गरज नव्हती. माझ्याकडे मोबाइल टॉवरच्या जनरेटरचं काम होतं. घट्टिया, तराना, महिदपूर या बाजूचे टॉवर शेतांमध्ये आहेत आणि पावसाळ्यात आमची काळी माती कशी होते ते इथल्या माणसाला सांगायला नको. जनरेटर बंद पडला की सहा तासांत पोचायचं, आणि वर्षात तीन वेळा उशीर झाला तर करार दुसऱ्याला, अशी अट होती. त्या पावसाळ्यात दोन उशीर होऊन गेले होते. दोन्ही वेळा गाडी शेतात रुतली होती. सात माणसं त्या करारावर जेवत होती.

आता कोणी म्हणेल, कंपनीकडूनच लॉक लागून येणारी गाडी का घेतली नाही. मिळत होती. वरचं मॉडेल. पण खालचं घ्यायचं आणि बाकीचं बाहेरून लावायचं, हा माझा नेम आहे. स्कूटर तशी घेतली, घर तसं घेतलं. शोरूमचा मुलगा म्हणाला, बाहेरून काही लावलंत तर वॉरंटी जाईल. मी म्हणालो, जाऊ दे, वॉरंटी काय चिखलात ढकलायला येणार आहे? मग इंदूरच्या एका व्यापाऱ्याशी तीन दिवस घासाघीस करून लॉक आणलं आणि पिशवीत घालून काकांच्या आवारात गेलो.

मला वाटलं होतं, ते कंपनीच्या गाडीला नावं ठेवतील. सगळे मिस्त्री ठेवतात. ते म्हणाले, "कंपनीची चांगली असते. त्यांनी हजार माणसं डोळ्यापुढे धरून बनवलेली असते. मी एकच धरतो." मग म्हणाले, "आधी फसवून दाखवा."

ही त्यांची पद्धत होती. गाडी रुतवून दाखवल्याशिवाय ते तिला हात लावत नसत. गिऱ्हाइकाने त्यांना शेजारी बसवायचं, चिखलात न्यायचं आणि त्यांच्यासमोर फसायचं. याचे पैसे घेत नसत. काही लोक लाजून परत जात. मी गेलो. पाणी साचलेल्या एका शेतात गाडी घातली. काका मांडीवर पोह्यांचा डबा घेऊन बसले होते. चाक घसरलं, मी पाय दाबला, चिखल काचेवर उडायला लागला, मी आणखी दाबला. ते बाहेर बघतच नव्हते. मान खाली होती. मला वाटलं, डुलकी लागली. गाडी पोटापर्यंत बसली तेव्हा म्हणाले, "बस. कळलं." ट्रॅक्टरने ओढून काढेपर्यंत त्यांनी पोहे संपवले.

"काय कळलं?" मी विचारलं. "तुम्ही तर बाहेर पाहिलंच नाही."

"बाहेरचं मला माहीत आहे," ते म्हणाले.

आठ दिवसांनी गाडी मिळाली. लॉक उत्तम बसवलं होतं. बटण मात्र आत कुठेच नव्हतं. काकांनी मला गाडीच्या मागे नेलं आणि वाकायला सांगितलं. मागच्या बंपरच्या आतल्या बाजूला, रबरी झाकणाच्या एका डबीत, ते बटण होतं. गाडी थांबवायची, उतरायचं, मागे यायचं, वाकायचं आणि दाबायचं. वाकलं की दोन्ही चाकं आणि मधलं डिफरन्शियल बरोबर डोळ्यांसमोर येत. मी म्हणालो, काका, पावसात मी उतरू? ते म्हणाले, "उतरून बघा, मग दाबा. चाक फिरत असताना दाबायचं नाही, एवढंच लक्षात ठेवा."

मी भांडलो. ते हात मांडीवर ठेवून बसले. "झालं तुमचं?"

म्हटलं, म्हातारा विक्षिप्त आहे, सगळ्यांच्याच गाड्यांना असं करत असेल. घेऊन आलो. आणि खोटं कशाला बोलू, त्यानंतर महिनाभर मी कुठेही अडकून पडलो नाही. गुडघ्यापर्यंत चिखलात उतरायचो, शिव्या द्यायचो, वाकायचो. कितीदा तर वाकल्यावर दिसायचं की लॉकची गरजच नाही, चाकापुढे एक दगड आहे, तो काढला की झालं. पण कपडे रोज खराब. टॉवर कंपनीचे सुपरवायझर माझ्याबरोबर कधी कधी पाहणीला येत, भोपाळकडचे, माणूस चांगला. मी मागे जाऊन वाकलो की ते आत बसून हसत. ते मला लागायचं.

मग एका रविवारी इंदूर-उज्जैनच्या शौकीन लोकांचा जथा निघाला, डोंगरात गाड्या घालणारे. त्यातल्या चार गाड्यांना काकांनीच लॉक बसवलं होतं. चारही गाड्यांचं बटण गिअरजवळ, हाताखाली होतं. माझं मागे आहे हे कळल्यावर एकाने विचारलं, "भाईसाहब, आपको काका ने पैदल क्यों कर दिया?" सगळे हसले. मी परस्पर भैरवगढला गेलो.

काका निंबाखाली बसून मोराच्या कापडाने बेअरिंग पुसत होते. मी विचारलं, त्यांचं आत आणि माझंच बाहेर का? पैसे कमी दिले होते का? तुमच्याच भावाने दिले ना?

"ते उतरतात," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"अडकले की ते आपणहून उतरून बघतात, भाऊ. तुम्ही उतरत नाही. तुम्ही पाय दाबता."

तेव्हा मला कळलं की शेतात ते डुलक्या घेत नव्हते. माझा पाय बघत होते.

मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. माणसाने गिऱ्हाइकाची गाडी बघावी, गिऱ्हाइकाचा स्वभाव बघायचा अधिकार त्याला कोणी दिला? माझा राग माझा आहे. त्याच रागावर मी धंदा उभा केला. शहरातल्या टॉवर चौकात गाड्यांना स्पीकर आणि सीट कव्हर लावणारा एक माझ्या ओळखीचा आहे. त्याच संध्याकाळी त्याच्याकडून बटण काढून घेतलं, तार वाढवली, लाल टेपने बांधली आणि स्टिअरिंगच्या शेजारी बसवून घेतलं. अर्ध्या तासाचं काम. मला वाटलं, सुटलो.

नवव्या दिवशी जनरेटर बंद पडल्याचा फोन आला. महिदपूरच्या बाजूचा टॉवर, सकाळी दहाचा सुमार, वेळ भरपूर होती. सुपरवायझर त्या दिवशी बरोबरच होते. टॉवर तीन किलोमीटरवर राहिला असताना एका नाल्याच्या काठी उजवं चाक घसरलं. मी पाय दाबला. चाक गरगरलं. सुपरवायझर म्हणाले, "उतर के देखें?" मी आणखी दाबला आणि पाय तसाच ठेवून बटण दाबलं.

जो आवाज आला तो मी विसरणार नाही. खालून कोणी घण घातल्यासारखा. मग इंजिन चालू, आणि गाडी जागची हलेना. डिफरन्शियलपासून चाकाकडे जाणारी दांडी, हाफ शाफ्ट म्हणतात, तुटली होती. मला त्या क्षणी कळलं होतं काय झालंय आणि कोणामुळे झालंय.

"क्या टूटा?" सुपरवायझरनी विचारलं.

मी म्हणालो, "लॉक गया, साहब. काका ने कच्चा काम किया."

हे वाक्य मी ठरवून बोललो नाही. पण बोलल्यावर परतही घेतलं नाही. गाडी हलवायच्या खटपटीत तीन-चार तास गेले, मग आम्ही अवजारं घेऊन चालत टॉवरवर गेलो, पोचलो तोवर सहा तास उलटून गेले होते. तिसरा उशीर. सुपरवायझर म्हणाले, एक मार्ग आहे. बिघाड ठेकेदाराच्या हलगर्जीचा नसून वर्कशॉपच्या कामातला असेल आणि मिस्त्री तसं कबूल करून सही देईल, तर हा उशीर धरला जाणार नाही. मी काकांना फोन केला. गाडी तुटली, या, एवढंच सांगितलं.

ते एका ट्रॅक्टरवर मडगार्डला धरून बसून आले. उतरून थेट गाडीखाली गेले. बऱ्याच वेळाने तुटलेली दांडी हातात घेऊन बाहेर आले. तुटलेल्या टोकाला दोरीसारखा पीळ पडला होता. माल कच्चा असेल तर ती सपाट तुटते. फिरत्या चाकाला एकदम अडवलं तरच असा पीळ पडतो. हे मलाही दिसत होतं. मग ते मागच्या बंपरपाशी वाकले, रबरी झाकण उघडलं. आत बटणाचं नुसतं भोक होतं आणि लाल टेप गुंडाळलेली तार. त्यांनी झाकण पुन्हा लावलं.

सुपरवायझरनी विचारलं, "लॉक आपने लगाया था?"

"हाँ साहब, मेरा ही लगाया हुआ है."

"टूटा कैसे?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. गिऱ्हाइकाचं बोलून संपायची वाट बघताना बघत, तसं. मी वाकून बुटाचा चिखल काढायला लागलो.

"टूट गया, साहब," ते म्हणाले आणि सुपरवायझरनी लिहिलेल्या कबुलीच्या कागदावर सही केली.

माझा करार वाचला. काकांनी दांडी बदलली, आकडा सांगितला, मी घासाघीस न करता दिला. त्यांनी तो रुपयानेही कमी केला नाही, रुपयानेही वाढवला नाही. गाडी घरी आणल्यावर पाहिलं तर बटण स्टिअरिंगशेजारीच होतं, पण लाल टेप गेली होती. तार नव्या नळीत घालून व्यवस्थित आतून नेलेली होती. त्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत.

उज्जैन लहान गाव आहे. काकांचं लॉक तुटलं आणि त्यांनी तसं लिहून दिलं, ही बातमी महिन्याभरात सगळीकडे झाली. रविवारच्या जथ्यातले लोक इंदूरला जायला लागले. दोघांनी सरळ कंपनीची वरची मॉडेलं घेतली. भैरवगढच्या आवारात गाड्या दिसेनाशा झाल्या, ट्रॉल्या आणि थ्रेशर उभे राहायला लागले. मी जाता-येता बघायचो.

पुढच्या वर्षी मी पुढच्या चाकांनाही लॉक लावायचं म्हणून त्यांच्याकडे गेलो. खरं तर काम द्यावं म्हणून गेलो होतो. काका नाही म्हणाले.

"तुम्ही आता कंपनीचीच गाडी घ्या," ते म्हणाले. "ती तुम्हाला नाही म्हणू शकते. चाक फिरत असेल तर तिचं लॉक लागतच नाही, काही करा. मी बटण मागे लावलं, तुम्ही पुढे आणलं. तिच्याशी तसं चालत नाही."

एवढंच. त्या नाल्याकाठच्या दिवसाबद्दल ते बोलले ते एवढंच, आणि तेही गाडीच्या निवडीबद्दल सल्ला द्यावा तसं. मी गाडी घेतली. सवलत मिळाली नाही, वर चार महिने थांबावं लागलं. काका म्हणाले होते तसंच आहे. मी पाय दाबून बटण दाबलं की दिवा लुकलुकत राहतो आणि लॉक लागत नाही. थांबलो, खालच्या गिअरमध्ये घातली, की मुकाट लागतं. गाडी चांगली आहे. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार काकांबद्दल आहे. त्या दिवशी त्यांनी तोंडावर सांगितलं असतं, हे तुम्ही केलंत, तर मी भांडलो असतो. ते मला येतं. करार गेला असता, मी दुसरा मिळवला असता. पण त्यांनी सही केली आणि मला असं काहीतरी दिलं ज्याचा भावच सांगितला नाही. न सांगितलेल्या भावाचं माणसाने काय करायचं?

गेल्या वर्षी सुपरवायझरनी स्वतःसाठी गाडी घ्यायचं ठरवलं. टॉवरखाली जनरेटर तपासताना मला म्हणाले, "खालचं मॉडेल घेऊन तुमच्या त्या काकांकडून लॉक बसवून घेऊ, की कंपनीचं वरचं घेऊ? पैसे तर वाचतील. पण तुमचं तर तुटलं होतं ना?" हे ते हिंदीत म्हणाले, आणि सहज म्हणाले. करार नवा व्हायला दोन महिने होते आणि शिफारस तेच लिहिणार होते. कंपनीची घ्या, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. खोटंही ठरलं नसतं.

मी म्हणालो, "साहब, वो मैंने तोड़ा था. काका का काम पक्का था."

त्यांनी पाना खाली ठेवला. मी सगळं सांगितलं. बटण कुठून कुठे आणलं, चाक फिरताना दाबलं, सगळं. त्यांनी विचारलं की त्या सहीच्या कागदाचं मग काय समजायचं. मी म्हणालो, तुम्ही समजाल ते.

करार नवा झाला नाही. कारण त्यांनी लिहिलं नाही, मी विचारलं नाही. सातातली तीन माणसं कमी करावी लागली. आता लग्नाच्या गार्डनचे आणि कोल्ड स्टोरेजचे जनरेटर बघतो. त्यात चिखल नाही.

महिन्याने भैरवगढवरून जाताना पाहिलं, सुपरवायझरची नवी गाडी काकांच्या शेडमध्ये जॅकवर चढलेली होती. खालचं मॉडेल. तिच्यामागे जथ्यातल्याच एकाची गाडी उभी होती. म्हणजे सुपरवायझर बोलले होते, आणि काकांच्याही कानावर ते गेलेलं होतं. मी गाडी थांबवली आणि उतरून फाटकात उभा राहिलो. काकांनी मान वर केली, मला पाहिलं, नमस्कार केला आणि "जरा तो दिवा इकडे करा" म्हणाले. मी दिवा धरला. अर्धा तास धरला असेल. काम झाल्यावर त्यांनी हात पुसले आणि आत जेवायला गेले.

एवढं होऊन त्यांनी मला साधा चहा विचारला नाही. ते मला अजून लागतं.